शेवटच्या खजुरापुढचं पाणी

श्रीधर, तू गेल्यापासून घरात पाणी वाजतंय. आधी मला वाटलं, बेसिनचा नळ. तो बंद. मग वाटलं, एसीचं पाणी बाल्कनीतल्या बादलीत पडतंय. बादली कोरडी. खाली जाऊन वॉचमनला विचारलं, गच्चीवरची टाकी भरतोयस का रे? तो म्हणाला, मॅडम, टँकर तर उद्या येणार. परत वर येऊन सोफ्यावर बसले, तर पुन्हा सुरू. हळू, एकसारखं, अरुंद पाटातून जातं तसं. आता मी उठत नाही. वाजू दे म्हणते. तुला बोलायचंच असेल तर नीट समोर येऊन बोल, असं पाणी सोडून काय बसलायस?

लग्नानंतर तुझ्या आईंनी मला ‘अहो’ शिकवलं होतं. गुहागरच्या माजघरात मी ते इमानेइतबारे म्हणायचे. मस्कतच्या विमानात बसल्यावर पहिल्यांदा ‘अरे’ निघालं आणि तू दचकून बघितलंस. मग हसलास. या देशाने मला काय दिलं असं कुणी विचारलं तर मी तेच सांगेन. इथे मला तुला ‘अरे’ म्हणता आलं, आणि भांडता आलं. पुण्याची मी, भांडणाशिवाय मला अन्न पचत नाही, हे तुला ठाऊकच होतं.

तुझ्या कंपनीचा माणूस येऊन गेला. फार अदबीने बोलला बिचारा. माझा व्हिसा तुझ्या व्हिसाला बांधलेला, तुझा संपला की माझाही खलास. घर आवरायला वेळ देऊ म्हणाला, पण जावं तर लागेल. मुक्ता महिनाभर राहून टोरोंटोला परत गेली. आणि तू बाल्कनीत. अस्थी घरात ठेवायच्या नसतात, झाडाला टांगायच्या असतात, असं तुझ्या दादांनी गावाहून फोनवर पुन्हा पुन्हा बजावलं. इथे मस्कतात, अल् खुवैरमध्ये, कुठल्या झाडाला टांगू मी तुला? पार्किंगमधल्या खजुराला? म्हणून लाल फडक्यात बांधलेला तांब्या बाल्कनीत, तुळशीच्या कुंडीशेजारी, कपड्यांच्या दोरीखाली. सकाळी कपडे वाळत घालताना मी तुला म्हणते, सरक जरा.

दादांचं म्हणणं, श्रीधरला गावी आण. आपला समुद्र आहे, आईबाबा तिथेच गेले, तोही तिथेच जाईल. तुझं म्हणणं तुला माहीत आहे. आणि मी? जन्मात पहिल्यांदा मी दादांच्या बाजूची होते.

हे सगळं तुझ्या त्या फलजामुळे, त्या इथल्या डोंगरी पाटामुळे झालं. निझवाच्या रस्त्याला लागायचं, काळपट तपकिरी डोंगर मागे पडले आणि पांढरट डोंगर दिसायला लागले की डावीकडे वळायचं. गावाचं नाव इथे लिहीत नाही, नाहीतर लोक तंबू घेऊन पोहोचतील. आपण पहिल्यांदा गेलो तेव्हा मुक्ता अजून झाली नव्हती. रस्ता चुकलो होतो, गाडी तापली होती, आणि मी तुझ्यावर. आणि मग ते दिसलं. हातभर रुंदीचा पाट, त्यात आरशासारखं पाणी, कडेला खजुरांची दाटी, आणि पाण्यात बोटाएवढे मासे. तू गाडीतून उतरलास तो थेट चपला काढून पाण्यात पाय सोडून बसलास. मला म्हणालास, नीला, अगं, हा तर आमच्या आगरातला पाट आहे.

तेवढ्यात तो म्हातारा आला. तेव्हा म्हातारा नव्हता खरं तर, दाढी काळी होती. सालेम. फलजाचा वकील, म्हणजे गावाच्या वतीने पाण्याचा कारभार बघणारा. कुणाच्या बागेला पाणी कधी, किती, हे सगळं त्याच्या हातात. तो ओरडला नाही. तुझ्या दंडाला धरून त्याने तुला उठवलं आणि पाटाच्या कडेकडेने खाली चालवत नेलं. मला वाटलं, आता पोलीस. तू बसला होतास ती जागा गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या वर होती. तुझ्या पायांचं पाणी बायका घागरीत भरणार होत्या. तुझा चेहरा पडला. तू नंतर मला म्हणालास, परक्या ठिकाणी माणूस असा पाय घालत नाही गं, विचारून घालतो. मला वाटलं, मी घरी आलोय. आणि आमच्या घरी हे केलं असतं तर आजोबांनी पाठ सोलली असती.

सालेमने त्या दिवशी तुला अख्खा पाट दाखवला, आणि पुढच्या कित्येक शुक्रवारी तू मला. वर डोंगराच्या पोटातून पाणी उघड्यावर येतं, तिथे पिण्याचं. त्याच्या खाली मशिदीत हातपाय धुवायचं. मग पुरुषांची आंघोळीची खोली, मग बायकांची. मग एक दगडी कोनाडा, बाजूला, जिथे मेलेल्या माणसाला शेवटची आंघोळ घालतात. त्याच्यानंतर बागा, एकेकाच्या पाळीप्रमाणे. त्या कोनाड्याशी मी पाय उचलून चालायचे. तू मुद्दाम थांबायचास. म्हणायचास, बघ, जिवंतांना आणि मेलेल्यांना एकच पाणी आहे, फक्त मेलेले थोडे खाली बसलेत. मी म्हणायचे, चल, डबा गार होतोय. मला तेव्हाही त्या जागेकडे बघवत नव्हतं.

पाण्याचा इतिहास विचारला की तुला चेव यायचा. सालेमच्या आजोबांच्या मते हा फलज सुलेमान पैगंबरांच्या जिनांनी खणला. मी म्हटलं, आमच्याकडची देवळं पांडवांनी एका रात्रीत बांधली तसं. तू मात्र डोंगरावर गोल मातीचे ढीग दाखवायचास, एकामागे एक. त्या प्रत्येकाखाली विहीर, आणि त्या विहिरींच्या तळातून माणसांनी रांगत खोदलेला बोगदा, थेट वरच्या पहिल्या विहिरीपर्यंत. तिला इथे ‘उम्म’ म्हणतात. आई. तू त्या आईच्या तोंडाशी वाकून हाक मारायचास आणि मी मागून तुझा शर्ट धरून उभी असायचे. वादी, म्हणजे इथली कोरडी नदी, आडवी येते तिथे पाणी जमिनीखाली उतरतं आणि पलीकडे आपोआप वर चढतं, तेही तू मला इतक्या वेळा दाखवलंस की मी डोळे मिटून सांगेन. तू दिवसभर ऑफिसात रस्त्यांखालच्या मोऱ्यांची ड्रॉइंग्ज करायचास. सुट्टीच्या दिवशीसुद्धा तुला मोरीच बघायची असायची.

पण एक गोष्ट तू सांगितलीस ती मी विसरू शकत नाही. मी विचारलं होतं, इथे पाऊस तर पडत नाही, मग हे येतं कुठून? तू म्हणालास, हे पाणी जुनं आहे. त्या पांढऱ्या डोंगरावर कधीतरी पडलेला पाऊस चुन्याच्या भेगाभेगांतून उतरतो, रेंगाळतो, आणि वर्षानुवर्षांनी इथे पोहोचतो. म्हणून ते उन्हाळ्यात गार आणि थंडीत कोमट. मी पाय बुडवून बसले होते, पटकन वर घेतले. आता या घरात एकटी बसले की तेच आठवतं. आपण नवीन नवीन इथे आलो, एका खोलीत राहायचो, तेव्हाचा पाऊस कदाचित आत्ता बाहेर येत असेल. आणि तू जिवंत असताना पडलेला अजून डोंगरातच आहे. तो येत राहील, मी विमानात बसून गेल्यावरसुद्धा. मला याची भीती वाटते, श्रीधर. खरंच वाटते.

तुझ्या गावचा पाट बंद झाला त्या वर्षी आपण मे महिन्यात गेलो होतो. दादांनी बोअर मारली होती, आगरात काळे पाइप टाकले होते, बटण दाबलं की पाणी. पऱ्याचं, त्या ओढ्याचं पाणी आता कुणी अडवत नव्हतं, पाटात पातेरा साठला होता. पाळीवरून होणारी भांडणं संपली, म्हणून सगळे खूश होते. दादा कौतुकाने पंप दाखवत होते. तू ‘छान, छान’ म्हणालास आणि मागच्या पडवीत जाऊन बसलास. जेवायला हाका मारल्या तरी आला नाहीस. दादांना ते लागलं. चुकलं तर त्यांचंही काही नव्हतं. गडी मिळत नव्हते, ते एकटे काय काय बघणार?

मस्कतला परत आलो त्याच आठवड्यात तू मला फलजाच्या शेवटी घेऊन गेलास. शेवटची बाग, शेवटचा खजूर, त्याच्यापुढे सिमेंट संपतं आणि वादीचे गोटे सुरू होतात. डब्यात थालीपीठ होतं आणि सालेमने दिलेले खजूर. पाण्याची जेमतेम एक रेघ तिथवर आली होती आणि गोट्यांत शिरून दिसेनाशी होत होती. तू ती बघत म्हणालास, “मला इथे सोड. गावाला नेऊ नकोस.”

मी थालीपीठ खाली ठेवलं. तिथून अल् खुवैरपर्यंत मी तुला जे काही बोलले ते आठवलं तरी मला आता हसू येतं. वेड लागलंय, माणसांचं पाणी आहे ते, आपलं काय आहे इथे, एक कागद संपला की हाकलतील. तू शांतपणे गाडी चालवत होतास. सीबजवळ सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणालास की गावच्या समुद्रात सगळेच जातात, तिथे मी काय करू? ते भांडण मग संपलंच नाही. रिटायर झाल्यावर कुठे राहायचं, इथून सुरू झालं की फिरून तिथेच यायचं. मुक्ता कानात हेडफोन घालायची. शेवटचं तू जायच्या आधीच्या शुक्रवारी झालं. मी म्हटलं, पुढच्या शुक्रवारी बोलू. पुढच्या शुक्रवारी तू नव्हतास.

माझा खरा मुद्दा मी तुला कधी सांगितलाच नाही. तेव्हा तो मलाच माहीत नव्हता. तू गेल्यावर, कंपनीचा माणूस उठून गेल्यावर, कळला. तुला इथे ठेवलं तर मी तुला भेटायला येणार कशी? वर्षश्राद्धाला मी व्हिजिट व्हिसा काढू? कारण काय लिहू, नवऱ्याला भेटायचं आहे? गुहागरला निदान एसटीने जाता येतं. समुद्राकडे बघून चार शिव्या देता येतात. मी मुक्ताला फोनवर हे सांगितलं. ती तिच्या त्या अडखळत्या मराठीत म्हणाली, “आई, बाबांना काय पाहिजे होता, ते तर आपल्याला माहीत आहे ना.” मी तिचं मराठी सुधारलं आणि फोन ठेवला.

मग मी सालेमकडे गेले. तुझीच गाडी, सीट तुझ्या पायांच्या मापाने मागे. ती पुढे घ्यायला हात होत नाही, म्हणून सीटच्या पुढच्या कडेला टेकून चालवते. त्याला सांगायचं होतं एवढंच की श्रीधर गेला, त्याच्या मनात एक इच्छा होती, पण ते जमणार नाही, मी त्याला घरी नेतेय. गावात फलज आटत चालला होता. गेली काही वर्षं डोंगरावर धड पाऊस नाही. वरच्या बागांना कशीबशी पाळी मिळते, खालचे खजूर शेंडे गळून नुसते खांब उभे. सालेम काठी टेकत आला. मला एकटीला बघूनच त्याला कळलं. खाली बसला, ओंजळ उघडून प्रार्थना केली. कहवा आला. मी माझं वाक्य जुळवत होते, तोवर तोच त्याच्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला की कधी आणणार?

मी म्हटलं, काय आणणार?

तेव्हा कळलं. तू त्याला केव्हाच विचारून ठेवलं होतंस. माझ्या पाठीमागे! तू आधी फलजातच सोडू द्या म्हणालास, त्याने चक्क नाही सांगितलं. हे पिण्याचं पाणी, बागांचं पाणी, यात राख जाणार नाही. मग कित्येक दिवस विचार करून त्यानेच तुला सांगितलं की शेवटच्या खजुरापर्यंत पाण्याला मालक आहे. त्याच्यापुढे गोट्यांत जे जातं ते कुणाचंच नसतं, ते अल्लाचं. तिथे तू काय करतोस ते मी बघणार नाही. आणि तू म्हणे त्याचे हात धरलेस. मी तिथे बसून इतकी चिडले, श्रीधर, की कहवा गरम होता तसाच गिळला. पण त्याच्या तोंडावर नाही म्हणवेना. शुक्रवारी येते म्हटलं.

शुक्रवारी मी तुला घेऊन निघाले ते नाही म्हणायलाच. शेवटचं पाणी दाखवते आणि परत नेते, असा माझा हिशेब. तांब्या शेजारच्या सीटवर, सीटबेल्ट लावून. हसू नकोस, ब्रेक मारला की तू कलंडत होतास. सोबत तीळ घेतले, बाल्कनीतल्या तुळशीची दोन पानं घेतली. का घेतली, जर सोडायचंच नव्हतं तर? ते मला विचारू नकोस. गावात वरच्या रस्त्याने शिरले नाही. पिण्याच्या जागेवरून तुला नेणं बरं दिसलं नसतं, म्हणून वादीतून खालच्या बाजूने गेले. गाडी धुळीने पांढरी झाली.

शेवटच्या बागेशी सालेम उभा होता, आणि गावातली आणखी काही माणसं. इस्त्री केलेल्या पांढऱ्या पायघोळ दिशदाशा, नमाजाला जायच्या तयारीत. मी पाटाकडे बघितलं. कोरडा ठणठणीत, तळाला भेगा. मला आतून बरं वाटलं. पाणीच नाही, तर माझं भांडणच मिटलं. कोरड्या गोट्यांवर कुणी अस्थी सोडत नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सालेमने हात वर केला, थांब म्हणून.

आधी आवाज आला. मी शपथेवर सांगते, घरात वाजतो तोच. मग पाटाच्या वळणावर वाळलेली पानं हलली, पुढे सरकणारी धूळ दिसली, आणि तिच्या मागून पाणी. घाई न करता येत होतं, भेगांत मुरत, भरत, परत पुढे. एक हिरवा सरडा कडेने पळाला. मला काही कळेना. वरच्या बागांना पुरत नाही ते पाणी इथवर कसं आलं?

त्या माणसांनी आपापल्या बागांची तोंडं बंद केली होती. त्या सकाळची सगळ्यांची पाळी. कुणाची झाडं फळ धरायच्या बेतात होती, कुणाची आधीच सुकत होती. सालेमने पाण्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, “आज बारी सिरीदर की है.”

तुझं नावसुद्धा नीट घेता येत नव्हतं त्यांना, श्रीधर.

ती माणसं पाठ फिरवून बागेत जाऊन उभी राहिली, बघणार नाही म्हटलं होतं तसं. मी चपला काढल्या. शेवटच्या खजुरापुढे गोट्यांवर बसले. पाणी माझ्या पायाशी आलं, कोमट. गुरुजी नाहीत, मंत्र नाहीत, मला गोत्रसुद्धा आठवेना, आणि मला खूप रडू आलं. मी तुला म्हटलं, माझ्याने हे होणार नाही, तू चल ना घरी. म्हटलं आणि थांबले. तू काही बोलशील म्हणून थांबले. पाणी गोट्यांत शिरत राहिलं. ते कुणाच्या तरी झाडांचं पाणी होतं आणि माझ्यासाठी वाया जात होतं. मी लाल फडक्याची गाठ सोडली. तीळ टाकले, पानं टाकली. मग तुला.

तू लगेच गेलास. जरा रेंगाळशील असं वाटलं होतं. पाण्यावर एक करडा पापुद्रा आला, दगडांच्या फटीशी फिरला, आणि खाली उतरला. मी हात लावून बघितलं, तर नुसता ओला दगड. मग वरून कुणीतरी बागेचं तोंड उघडलं असावं, कारण पाणी बारीक होत होत थांबलं.

परतताना मी कुणाला काय म्हणाले मला आठवत नाही. सालेमने गाडीत खजुरांची पिशवी ठेवली. तुझ्यावरचा राग गेलेला नाही, हे लिहून ठेवते. मी परवा जाणार. तू राहणार. गेली इतकी वर्षं आपण एकाच पलंगावर झोपलो, आणि आता मला तुझ्यापर्यंत यायला दुसऱ्या देशाची परवानगी लागेल. हे तू एकट्याने ठरवलंस, आणि मी ते तडीस नेलं. आपल्या सगळ्या संसाराचं असंच झालं.

राहिले होते दादा. त्यांना सांगायला मला दोन दिवस धीर झाला नाही. आज सकाळी मीच फोन केला. नमस्कार वगैरे काही न करता सांगून टाकलं, की दादा, मी त्याला इथेच सोडलं, त्याची तशी इच्छा होती, तुम्हाला काय बोलायचं ते बोला. पलीकडे आगरात त्यांचा पंप चालू होता, त्याची घरघर ऐकू येत होती. मग ती थांबली, त्यांनी उठून बंद केला असावा. मला वाटलं, आता कडाडणार. कडाडले असते तर मला सोपं गेलं असतं.

“नीला,” ते म्हणाले, “पाणी वाहतं होतं ना?”

मी म्हटलं, हो दादा. वाहतं होतं.

तुझे दादा फोनवर रडले, श्रीधर.